आधी किचन, मग सर्व्हिस

पिकलबॉल शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसाची पाटी कोरी नसते. कुणी उमेदीची वर्षं बॅडमिंटन खेळलेला, कुणी गुडघ्यामुळे टेनिस सोडलेला. असा माणूस पहिल्याच दिवशी बेसलाइनवरून सर्व्हिस ठोकू लागतो आणि आपण प्रशिक्षक ते चालवून घेतो. आमच्या मते सुरुवात जाळ्याजवळ व्हावी.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तो बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी तो आपल्याकडे आणला, तरी मापं तीच राहिली: ४४ फूट बाय २० फूट. त्यामुळे शाळेच्या हॉलमधलं कोर्ट चालतं. जाळं मात्र कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंचांवर उतरवा. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते. तिच्यामागे अर्ध्या फुटावर रंगीत चिकटपट्टी लावली की किचन, म्हणजे जाळ्यालगतचा व्हॉली-बंदीचा पट्टा, तयार.

किचनमध्ये उभं राहून व्हॉली मारायची नाही, हे सगळेच सांगतात. व्हॉली मारल्यावर तोल जाऊन पाय आत पडला तरी फॉल्ट, हे सांगायचं राहतं आणि भांडणं नेमकी त्यावरून होतात.

दोघांना आपापल्या किचनच्या रेषेमागे समोरासमोर उभं करा. पकड सैल, गुडघे वाकलेले, चेंडू शरीराच्या पुढे. खांद्यातून अलगद उचलून तो पलीकडच्या किचनमध्ये टाकायचा. बॅडमिंटनवाल्याचं मनगट इथे आडवं येतं. शटलला द्यायचा झटका तो चेंडूला देतो, चेंडू छातीएवढा उडतो आणि समोरचा तो खाली आपटतो. चार-पाच वेळा मार खाल्ला की मनगट आपोआप शांत होतं.

सर्व्हिस त्यानंतर. ती खालून, तिरकी. ती आणि तिचं उत्तर, दोन्ही टप्पा पडू देऊनच घ्यायचे. म्हणून सर्व्हिस करणाऱ्या जोडीने लगेच पुढे धावायचं नाही. दुहेरीत पुकारायचे तीन आकडे फळ्यावर समजावण्यात तास घालवू नका, खेळता खेळता कळतात.

जाळ्याजवळ उभं राहायला शिकवलं की डोक्यावरून लॉब येणारच, आणि नवखा माणूस उलट्या पावलांनी मागे पळतो, पडतो, हात टेकतो. मनगटं मोडतात ती अशी. आधी वळायचं, मग धावायचं; पन्नाशीपुढच्यांकडून हे चेंडू न देता घोटून घ्या.