‘त्यांना काय, काहीही चालेल’

तंजावरच्या मेलवीदीत राहणाऱ्या आमच्या मामांसाठी लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला, तेव्हा पुण्याच्या आणि बंगळूरच्या सगळ्या नातेवाइकांचं एका वाक्यावर लगेच एकमत झालं: ‘त्यांना काय, काहीही चालेल.’ मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मामी बहात्तरच्या. पेन्शनचा हिशेब बघायचा, नातीशी बोलायचं, मराठी नाटकं पाहायची आणि थोडंफार लिहायचं. एवढ्याशा गरजांसाठी पैसे कशाला घालवायचे? मीही तेव्हा मान डोलावली होती. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहायला बसले आहे.

गरज साधी आहे म्हणून यंत्र हलकं चालतं, हा हिशेबच चुकीचा आहे. तरुण माणसाचा लॅपटॉप अडला तर तो चार बटणं दाबून पाहतो, मित्राला विचारतो, नाहीतर फोनवर काम उरकतो. मामांचा अडला की ते झाकण मिटतात, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं धरून चालतात आणि महिनाभर त्या टेबलाकडे फिरकत नाहीत. मदतीला घरात कोणी नसलेल्या माणसाचं यंत्र सगळ्यांत भरवशाचं असायला हवं.

पहिला सल्ला आला तो ‘सगळ्यांत स्वस्त नवा घ्या’ असा. तसा घेतलाही. मीच पुण्यात बसून ऑनलाइन मागवला. चार जीबी रॅम, तीही बोर्डावरच डकवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. साठवण चौसष्ट जीबी, आणि तीही एसएसडी नव्हे तर ईएमएमसी, म्हणजे साधारण मोबाइलमधल्या मेमरी कार्डाच्या जातीची. विंडोज 11 ला किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा लागते. अशा लॅपटॉपच्या जाहिराती ही किमान अटच ‘पुरेसं’ म्हणून विकतात. पोट भरायला किमान किती घास लागतात ते मोजून कोणी पाहुण्याचं पान वाढत नाही. दिवाळीनंतर एक मोठं अपडेट आलं, जागा भरली, आणि यंत्र सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला की मामी बटण दाबून कॉफीचं डिकॉक्शन उतरवून यायच्या, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र तसंच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर यंत्र पेटीत भरून दुसऱ्या शहरी पाठवायला सांगितलं. मामांनी ते कपाटावर ठेवून दिलं.

दुसरा सल्ला, ‘घरातला जुना देऊन टाका.’ यात काटकसर दिसते, पण त्यामागे थोडी बेपर्वाईही असते. तमिळनाडू सरकारने 2011 पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मोफत लॅपटॉप वाटले. तंजावरमध्ये कितीतरी घरांच्या माळ्यावर त्यांतला एखादा अजून सापडतो. शेजाऱ्यांनी मायेने त्यांच्या मुलीचा देऊ केला. ज्या मुलींच्या हातात ते यंत्र पहिल्यांदा आलं त्यांचं त्याने भलं केलं, यात शंका नाही. पण इतक्या वर्षांत त्याची बॅटरी मेलेली, तीन कळा निखळलेल्या. आणि विंडोज 10 चं मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं. ज्या यंत्रावर आपण स्वतः बँकेचा पासवर्ड टाकणार नाही, ते आईवडिलांच्या वयाच्या माणसांना बँकेसाठी द्यायचं?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. ‘लॅपटॉप हवाच कशाला? सगळं मोबाइलवर होतं.’ बरंचसं होतं, हे मान्य. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं तेव्हा हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं. 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो. मामा दर नोव्हेंबरला तसाच देतात. ओटीपी फोनवरच येतो, व्हिडिओ कॉलही फोनवर होतो. पण फोन हे बघायचं आणि बोलायचं साधन आहे. मामांना लिहायचं आहे.

काय लिहायचं आहे? आमच्या घरातले शब्द. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात तंजावरला आलेल्या मराठी माणसांच्या तोंडी जी मराठी राहिली, ती पुण्यात कोणी बोलत नाही. मामांच्या आजीचे शब्द मामींना माहीत आहेत, आमच्या पिढीला निम्मे, आणि नातीला एकही नाही. मामांनी ते वहीत उतरवायला घेतले होते, अर्धे देवनागरीत, अर्धे तमिळ लिपीत, कारण शाळा तमिळ माध्यमाची. पण हात थरथरतो आणि अक्षर आता त्यांनाच लागत नाही. ज्या गावात बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला, ज्या गावात सरफोजीराजांनी छापखाना उभा करून मराठी पुस्तकं छापली, सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल जपले, तिथल्या एका म्हाताऱ्याने आपल्या भाषेची यादी अंगठ्याने, तळहाताएवढ्या काचेवर टंकावी, असं कोणी म्हणू नये.

आणि इथे एक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कळपाटावर एका ध्वनीची जागा सगळ्या लिप्यांत एकच असते. ‘के’च्या कळीवर देवनागरीत क, तमिळमध्येही க. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मामांनी एकच बैठक शिकायची आणि दोन्ही लिप्या हाताखाली. पहिल्या दिवशी त्यांनी ‘ळ’ शोधला, शिफ्ट आणि एन. मग लिपी बदलून तीच कळ दाबली आणि पडद्यावर ள उमटला. त्यांनी मामींना हाक मारून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मी व्हिडिओ कॉलवर पाहिला आहे.

‘मग एकदाच भारीतला घ्या’ म्हणणाऱ्यांशी फार भांडत नाही. लाखाचं यंत्र घरात आलं की मामी त्यावर विणलेलं कापड घालतील आणि मामा ते पाहुण्यांपुरतंच उघडतील.

आम्ही शेवटी काय घेतलं ते सांगते. कंपन्यांच्या कचेऱ्यांत तीन-चार वर्षं वापरून परत आलेला, तपासून नीट केलेला बिझनेस मालिकेतला लॅपटॉप. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचा. नुसता जुना वेगळा आणि नीट केलेला जुना वेगळा. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची पाहिली, कारण त्याआधीच्यांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. आठ जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, नवी बॅटरी, पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी. वीस हजारांच्या आत बसला. बॅटरीवर अडून बसले, कारण 2018 च्या गज वादळानंतर या जिल्ह्यात गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती हे मामा विसरलेले नाहीत.

पडदा मॅट घेतला. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि चकचकीत काचेत त्यांना दारातल्या उन्हाची तिरीप तेवढी दिसते. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह नोंद ठेवत, त्याच गावात म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार न करता पडदा विकला जातो याची मला चीड येते. अक्षरं दीडपट केली, पडद्यावर चारच चिन्हं ठेवली. मामांचं खातं साधं ठेवलं, नवं काही बसवायचं तर पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे आहे. फोनवरून धमकावणाऱ्या भामट्याला एवढ्याने पूर्ण आळा बसत नाही, म्हणून झाकणाच्या आत 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

आणि हे सगळं पुण्याहून मागवलं नाही. जुन्या बसस्टँडजवळच्या ज्या दुकानात लॅपटॉप घेतला, तिथला दुरुस्ती करणारा मुलगा मामांशी तमिळमध्ये बोलतो, बोलावलं तर सायकलवरून घरी येतो. माझ्या मते लॅपटॉपच्या किमतीत रॅमच्या आधी हा मुलगा धरायला हवा.

यादी आता चारशे शब्दांच्या पुढे गेली आहे. गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. त्यांना ‘चोळ’ लिहायचं होतं, पण तमिळ माणूस म्हणतो तसं, சோழ मधल्या ழ सकट. देवनागरीत ते अक्षर आहे का, असं विचारत होते. आहे म्हटलं, शिफ्ट दाबून बी. पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला, मग थोडी शांतता, आणि मग मामींना मारलेली हाक.