ठसा दोनदा उमटतो तेव्हा

गोव्यात पेडण्याच्या पुनवेची जत्रा झाली, की खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांतली चिल्लर घरोघर पोचते. अलीकडे मुलं ती भिंगाखाली धरतात. आकडा दुहेरी दिसणारा रुपया लाखाला जातो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. डिचोलीच्या बाजारातही मुलं नाणं पुढे करून विचारतात, "सर, हे डबल डाय काय हो?" या कुतूहलाचं मला फार अप्रूप वाटतं. ते फसव्यांच्या हाती लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

नाणं पाडायचा पोलादी ठसा हा उठावाच्या मूळ ठशाने दाबून घडवतात. पूर्वी एका दाबात काम होत नसे. ठसा तापवून नरम करायचा आणि पुन्हा दाबायचा. दुसऱ्या खेपेला तो केसभर जरी फिरला, तरी अक्षरं दोनदा कोरली जात. मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक, त्याच जागी. हेच डबल डाय. अमेरिकेत १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून अशी वीसेक हजार सेंटची नाणी बाहेर पडली. सिगारेटच्या पाकिटांसोबत परत मिळणाऱ्या सुट्ट्या पैशांत ती लोकांना सापडू लागली.

म्हणून पारख करताना अक्षरांचे कोपरे पाहावेत. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही रेषांना गोलसर उठाव असतो, टोकांना खाच पडते, अक्षर जाड होतं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक 'दुहेरी' नाण्यांवर मात्र कडेला पायरीसारखा सपाट पट्टा असतो. नाणं पाडताना सैल ठसा हलला, एवढाच त्याचा अर्थ; जाणकार संग्राहक त्याला जादा दाम देत नाहीत. त्याच टांकसाळीचं, त्याच वर्षाचं, तसंच दुसरं नाणं मिळालं तर ते खरं डबल डाय असण्याच्या शक्यतेला बळ येतं. टांकसाळ ओळखणं सोपं आहे: वर्षाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता.

नाणं विकून देतो, आधी कमिशन किंवा कर भरा, असं कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून म्हणालं, तर एक पैसाही देऊ नका. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

आणि भिंग हातात आहेच, तर आजीची पेटीही उघडा. पोर्तुगालच्या राजा लुईशच्या चेहऱ्याची १८८१-८२ची चांदीची रुपिया पोर्तुगीज गोव्याची असली, तरी पाडली गेली कलकत्त्याच्या टांकसाळीत. १९५८च्या सुमारास सहा एस्कुदोंना एक रुपिया असा हिशेब झाला, आणि तीस-साठ सेंतावांची नाणी आली. डिचोलीशेजारच्या सत्तरी तालुक्यात, नानोड्याच्या बाजूला, २०२३ साली काजूच्या बागेत मडकंभर तांब्याची नाणी निघाली, तीही पोर्तुगीज काळातली मानली जातात. आपल्या मुलांनी लाखाच्या स्वप्नापेक्षा ही नाणी आधी वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. फक्त कुठलंही नाणं चिंचेने किंवा आमसुलाने घासू नका. ठशाच्या बारीक खुणा त्यातच पुसल्या जातात.