एक तारीख, तीन राज्यं, तीन आठवणी

उदगीरहून विकाराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसा. थोड्याच वेळात भालकी येतं, स्टेशनच्या पाटीवर कन्नड दिसायला लागतं. मग बीदर, मग जहिराबाद. आता पाटीवर तेलुगू. गाडी तीच, तिकीट तेच, डब्यातले बरेच चेहरेही तेच. पण तेवढ्यात तुम्ही तीन राज्यं फिरून आलेले असता.

गंमत म्हणजे १९५६पर्यंत ही सगळी गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. उदगीर आणि भालकी तर एकाच बीदर जिल्ह्यात. समजा, उदगीरमधली एखादी आजी १९४० साली जन्मली. ती निजामाच्या संस्थानात जन्मली, १९४८ नंतर भारताच्या हैदराबाद राज्यात वाढली, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेली आणि १९६० साली महाराष्ट्रात आली. जिल्हाही बीदर, मग उस्मानाबाद, मग १९८२ पासून लातूर. चार राज्यं आणि तीन जिल्हे, तेही घराचा उंबरा न बदलता! आजी हलली नाही, रेघ हलली.

रेघ हलली की फक्त सातबाऱ्यावरचा जिल्हा बदलतो, असं वाटत असेल तर १७ सप्टेंबरकडे बघा. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा तेरा महिने झाले होते. आपल्याकडे हा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. कर्नाटकात त्याच भागाचं 'हैदराबाद-कर्नाटक' हे नाव २०१९ साली बदलून 'कल्याण कर्नाटक' झालं आणि दिवसाचं नावही त्याच्यासोबत बदललं. तेलंगणात तर अजून एकमतच नाही. एका सरकारने त्याला 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटलं, पुढच्याने 'प्रजापालन दिन', आणि केंद्र सरकार म्हणतं 'हैदराबाद मुक्ती दिन'. घटना एक, नावं किती बघा.

नावं वेगळी असायला हरकत नाही. अडचण अशी की प्रत्येक राज्याने या इतिहासातला आपल्यापुरता तुकडा कापून घेतला. स्वामी रामानंद तीर्थांचंच उदाहरण घ्या. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून ते 'आपले'. पण त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातला, शिक्षक म्हणून काम हिप्परगा आणि अंबाजोगाईचं, नि समाधी हैदराबादच्या बेगमपेठेत. हा माणूस एका राज्याच्या धड्यात मावेल कसा? तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी १९४६ पासून जमीनदारांविरुद्ध सशस्त्र लढा दिला, तोही याच निजामाच्या राज्यात. मराठवाड्यातल्या किती जणांना तो माहीत आहे?

आणि काही पानं तर कोणीच आपली म्हणत नाही. रझाकारांचे अत्याचार आपण ऐकलेत, ते खरेच आहेत. पण 'पोलीस अ‍ॅक्शन'नंतर जे झालं ते? केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हजारो माणसं मारली गेल्याचं नोंदवलं, त्यातले बहुसंख्य मुस्लिम. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. चारपैकी दोन जिल्हे आज इकडे, दोन तिकडे. मग आठवण ठेवायची कोणी?

आता तुम्ही म्हणाल, मग काय भाषावार राज्यं चुकली? अजिबात नाही. निजामाच्या राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी नि कन्नड बोलणारे, पण राजभाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतच. आपल्या भाषेत शाळा, कोर्ट, कारभार हवा ही मागणी रास्तच होती, आणि ती पूर्ण झाली म्हणूनच तुम्ही हे पान मराठीत वाचताय. पण राज्याची हद्द कारभारासाठी असते. ती आठवणींवर का लावायची? रेल्वेने नाही लावली. नांदेड विभाग ज्या झोनमध्ये येतो, त्याचं मुख्यालय आजही सिकंदराबादच आहे.

तेव्हा येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन जरूर करा, पण तिथेच थांबू नका. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर विचारा, 'तेव्हा आपल्या गावात काय झालं?' बीदर, कलबुर्गी, हैदराबादचा एखादा मित्र इन्स्टावर असेल तर त्यालाही विचारा, तुमच्या पुस्तकात या दिवसाबद्दल काय लिहिलंय. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हे शोधायला लागलात की परीक्षेच्या 'टीप लिहा' पलीकडचा इतिहास हाती लागेल.

आणि घाई करा. या प्रश्नाची सिलॅबसबाहेरची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत, ती माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.