विकतची तकाकी

मार्गशीर्षात मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून सुरतेला जाऊन आले. बहीण लग्न होऊन तिथे गेली त्याला आता तीसेक वर्षं झाली. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली माणसं इतकी आहेत की रिक्षावाल्याशी मराठीत बोललं तरी चालून जातं. आमच्यासारखे गोव्याहून गेलेले मात्र थोडेच.

लग्नाच्या सकाळी भाचीनं मला आरशासमोर बसवलं. हातात एक छोटीशी डबी.

"मावशी, हायलायटर लावते तुला. क्रीमवाला आहे. एकदम नॅचरल ग्लो येतो. लावलाय हे कळणारसुद्धा नाही."

"कळणारच नसेल तर लावायचा कशाला गं?" मी विचारलं. ती नुसतीच हसली.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डबीत मलमासारखा चमकदार लगदा असतो. अनामिकेवर तांदळाच्या दाण्याएवढा घ्यायचा आणि गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांड्यावर, भुवईखाली हलकेच थोपटायचा. चोळायचा नाही. पावडर लावायची तर ती नंतर. आधी लावली तर गुठळ्या होतात. उजेड चेहऱ्यावर जिथे आपसूक पडतो तिथेच तो लावायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. अंगाच्या उबेनं क्रीम कातडीत मिसळून जातं. माझ्या वयाच्या कोरड्या कातडीला ते बरं, कारण पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते.

पहिली छटा लावली ती मोत्यासारखी पांढुरकी. माझ्या सावळ्या गालावर चुलीतली राख उडाल्यासारखी दिसली. पुसून टाकली. मग तांबूस सोनेरी छटा काढली, ती बसली. मांडवात दोघी-तिघींनी "गोव्याची हवा मानवलीय हो तुम्हाला" असं म्हटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मला खटकला तो फक्त एक शब्द. नॅचरल.

दुसऱ्या दिवशी बहिणीबरोबर जरीच्या दुकानात गेले. सुरतेची जर प्रसिद्धच आहे. दुकानदारानं तीन रिळं पुढ्यात ठेवली. एक असली : रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याच्या तारेची. तिसरी प्लास्टिकची. तिन्ही लखलखत होती. पण कुठली कोणती आणि का स्वस्त, हे त्यानं न विचारता सांगितलं. या शहराचं पोट चमकेवर चालतं. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना इथेच पैलू पाडले जातात. पण इथला जरीवालासुद्धा प्लास्टिकच्या जरीला नैसर्गिक म्हणत नाही.

आपल्याकडे देवळाच्या उत्सवातलं नाटक आठवा. गावातलाच कोणी बाप्या स्त्रीपार्टी व्हायचा. रंगपटात तासभर बसून तोंड रंगवायचा. तो रंग आहे हे तोही जाणायचा आणि समोर बसलेला गावही. नटण्यात लबाडी नव्हती. लबाडी येते ती नटून 'मी नटलेच नाही' म्हणण्यात. मग ज्या बाईला नटायचं नाही, तिचा साधा चेहराच कमी ठरू लागतो. नैसर्गिक म्हणजे चमकणारं, हे एकदा ठरलं की न चमकणाऱ्या चेहऱ्याला आजारीच म्हणायचं!

तुम्ही म्हणाल, एका डबीवरून एवढं काय? सांगते. भाचीचा रंग आमच्या घराण्याचा, सावळा. तिचं लग्न ठरवताना एका घरानं 'मुलगी सावळी' म्हणून नकार कळवला होता. नंतर कितीतरी दिवस ती फेअर अँड लव्हलीच्या ट्यूब संपवत होती. १९७५ साली बाजारात आलेल्या त्या क्रीमचं नाव २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झालं. गोरेपणाचा शब्द गेला, तकाकीचा आला. मुलीच्या मनात मात्र 'आहे तशी मी पुरेशी नाही' हे होतं तिथेच आहे.

आणि ही तकाकी येते कुठून? बहुतेक वेळा अभ्रकापासून. जुन्या इस्त्रीच्या तारेखाली जो पारदर्शक पापुद्रा असायचा, तोच. त्याचे बारीक कण करून त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला की मोत्याची झळाळी येते. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. आपल्या देशातलं पुष्कळ अभ्रक झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह भागातून आणि शेजारच्या बिहारमधून येतं. तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात, काही ढिगाऱ्याखाली मेली आणि ते दडपलं गेलं, हे २०१६ साली वृत्तसंस्थेच्या शोधातून जगापुढे आलं. त्यानंतर २०१७ मध्ये कंपन्यांनी आणि संस्थांनी मिळून सुधारणेचा उपक्रम सुरू केला. कारखान्यात बनवलेलं कृत्रिम अभ्रकही आता वापरतात. गंमत बघा, नैसर्गिक अभ्रकाच्या मागे मुलाचे हात असू शकतात, आणि कृत्रिम त्या मानानं निर्धोक.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचू लागली. सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक. सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट म्हणजे कृत्रिम. तिच्या डबीवर पहिलं होतं. "मग टाकून देऊ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "घेतलीच आहेस तर संपव. पुढची घेताना वाच. आणि कुणी विचारलं तर लावलंय म्हणून सांग."

येताना मीही एक घेऊन आले, वाचून, सोनेरी छटेची. परवा जत्रेत शेजारीण म्हणाली, "काय हो, चेहऱ्यावर तेज आलंय!"

म्हटलं, "सुरतेहून आणलंय."