उघडे दार आणि सोबत

कोल्हापूरला लागून, पंचगंगेच्या काठी कसबा बावडा वसलेले आहे. तेथील लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. पुढे १९१७ साली याच महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ९ जुलै २०१७ रोजी, विद्येचे आणखी एक दार उघडले. भारत सरकारने 'स्वयं' हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावयाची असेल तरच ते भरावे लागते.

ही सोय लहान नव्हे. दिवसभर उसाच्या शेतात राबलेला बावड्यातील तरुण रात्री घरी बसून नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकू शकतो. एखादा भाग समजला नाही, तर तो दहा वेळा ऐकावा. प्राध्यापक रागावत नाहीत!

परंतु असे अभ्यासक्रम हौसेने सुरू करणारे पुष्कळ आणि शेवटास नेणारे थोडे, हा साऱ्या जगाचा अनुभव आहे. याचे कारण केवळ आळस नव्हे. कोठे घरात एकच मोबाइल असतो व तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. कोठे पाठाची इंग्रजी भाषा आड येते. शंका आली, तर विचारावे कोणाला? शाळेत एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही, तर गुरुजी चौकशी करतात. येथे तो कायमचा उठून गेला, तरी कोणास पत्ता लागत नाही.

कोणी म्हणेल, "ज्याला शिकायचे आहे, तो कसाही शिकेल." असे जिद्दीचे विद्यार्थी असतात, पण ते मोजकेच. बाकीच्यांचे काय? शाहू महाराजांनी हाच विचार केला. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्यास जागा व पोटास अन्न नसेल, तर उघड्या शाळेचाही त्यास उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. पुढे शिक्षण मोफत केले, तेव्हाही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला.

आजच्या मोफत पाठांनाही अशाच आधाराची जोड हवी. चांगले पाठ मराठीत यावेत. शाळांनी व वाचनालयांनी सायंकाळी आपली खोली, संगणक आणि एखादा जाणता मार्गदर्शक उपलब्ध करून द्यावा. मुलांनाही यात वाटा उचलता येईल. ज्याच्या घरी मोबाइल आहे, त्याने शेजारच्या मित्राला हाक मारावी, दोघांनी मिळून पाठ ऐकावा आणि न समजलेले दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारावे.

'स्वयं' म्हणजे स्वतः. शिकावे ज्याचे त्यानेच लागते, हे खरे. परंतु शेजारी कोणी सोबतीला बसले, तर अवघड पाठही शेवटास जातो.