पडीक जमिनीच्या भरवशावर इंधन नको

इंधनपिकांना पुढेही जमीन कमी पडणार नाही, असे सांगणारे आधी पडीक रानाकडे बोट दाखवतात. हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून बायोडिझेल काढण्याची शिफारस केली. हे झुडूप कमी पाण्यावर जगते खरे, पण बी धरायला त्यालाही माती आणि ओल लागते. माळावर झुडपे तगली, तेलापुरते बी मिळाले नाही. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण करण्याचे स्वप्न कागदावरच राहिले. शिवाय दप्तरात 'पडीक' लिहिलेल्या रानावर गावाची गुरे चरतात, भूमिहीनांची चूल पेटते. मोगली एरंडाच्या पाल्याला तर शेळीही तोंड लावत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की एकरी उतारा वाढला की जमीन मोकळी होईल. १९७० पासून गव्हाचा उतारा दुपटीहून अधिक वाढला, तरी देशाचे निव्वळ पेरणीक्षेत्र १४ कोटी हेक्टरच्या आसपासच आहे. वाढलेले पीक वाढत्या लोकसंख्येला लागले. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढताच, एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला. खाद्यतेल तर आजही निम्म्याहून अधिक बाहेरून येते. मग मोकळी जमीन आहे कुठे?

तिसरा मुद्दा शेतकऱ्याच्या पैशाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. इथेनॉलच्या उत्पन्नामुळे कारखान्यांना ऊसबिले चुकती करणे सोपे झाले. पण आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो. तेवढ्या काळात सोयाबीन, हरभरा आणि पुन्हा सोयाबीन निघते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या लातूर जिल्ह्यात ऊस उभा राहतो, त्याच लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले.

म्हणून इथेनॉल सोडा असे माझे म्हणणे नाही. साखर काढून उरलेल्या मळीपासून ते जरूर काढावे. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला वेगळे शेत लागत नाही. उरलेली गरज सूर्याकडून भागवावी. उसाच्या एका हेक्टरातून इथेनॉलच्या रूपाने वर्षाला जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या कितीतरी पट वीज तेवढ्याच खडकाळ माळावरचे सौर पॅनेल देतात, तेही सिंचनाशिवाय.

इथेनॉल मिश्रणाचे पुढचे उद्दिष्ट ठरवण्याआधी सरकारने जमीन आणि पाण्याचा तालुकावार हिशेब लोकांपुढे मांडावा. तोवर डाळी आणि तेलबियांचा एक एकरही इंधनाकडे वळवू नये.