दुष्फेन

परवा आमच्या गीझरने राम म्हटला. जेमतेम तीन वर्षांचा होता बिचारा. दुरुस्तीवाल्या दादांनी कॉईल बाहेर काढून माझ्या हातात ठेवली. कॉईल कसली, प्रवाळाची फांदीच! त्यावर बोटभर जाडीचा पिवळट पांढरा थर. टाकीच्या तळातून तर तसाच भुगा ओंजळभर निघाला. दादा म्हणाले, "ताई, गीझरचा दोष नाही, तुमचं पाणी जड आहे."

शाळेत याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचे. साबणाचा फेस होत नाही ते दुष्फेन. दोन मार्कांपुरता पाठ केलेला तो शब्द असा वीस वर्षांनी घरात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही आधी पुण्यात पेठेत राहायचो. नळाला खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीत पडलेला पाऊस पानशेत-वरसगावात साठतो आणि तिथून येतो, त्यामुळे क्षार कमी. मग शहराच्या कडेला मोठं घर घेतलं. इथे पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं, म्हणजे तेही बहुतेक कुठल्यातरी बोअरचंच. तेच पावसाचं पाणी, पण खडकाच्या भेगांतून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. तापवलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते कॉईलला चिकटून बसतं. मग कॉईलची उष्णता आधी त्या थराला, मग पाण्याला. बिल वाढतं, आणि शेवटी कॉईल जळते.

मी सोसायटीच्या पाण्याची तपासणी करून आणली. कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. आमच्या घरात रोज साधारण ५०० लिटर पाणी लागतं. हिशोब केला, तर रोज पाव किलो चुनखडी आमच्या नळांतून वाहते! सगळी चिकटत नाही म्हणून बरं.

पण खरं सांगायचं तर मला गीझरचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईंचं (म्हणजे माझ्या सासूबाईंचं). इथे आल्यापासून त्यांची तूरडाळ नीट शिजेना. कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवल्या, डाळ बदलली, दुकान बदललं. चहावर तवंग यायचा. एकदा मला हळूच म्हणाल्या, "आता माझ्या हाताला चव राहिली नाही बघ." चाळीस वर्षं ज्यांच्या वरणाची घरात तारीफ झाली त्या बाईने हे म्हणावं! आणि मी तरी काय केलं? वय झालं असेल, असं मनात म्हणून गप्प बसले.

कॉईल बघितली त्या दिवशी डाळ पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात लावली. पहिल्यासारखी शिजली. डाळीतल्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ती मऊ होत नाही, एवढंच. आई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलं :)

घरगुती उपाय करता येतात. गीझर ५०-५५ अंशांवर ठेवला की थर कमी धरतो. किटलीत आणि वॉशिंग मशीनमध्ये अधूनमधून लिंबूसत्व घालून गरम पाणी फिरवायचं. आई पूर्वी तांब्याचा बंब चिंचेने घासायच्या, त्याच जातीचं काम.

आता सोसायटीत सगळ्या इमारतीला सॉफ्टनर बसवायची टूम निघाली आहे. माझा विरोध नाही, पण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, त्याला पोत्यांनी मीठ लागतं, आणि ते खारट पाणी शेवटी गटारातच जातं. 'टीडीएस किती?' एवढंच विचारून आरओ घेणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं, की टीडीएस म्हणजे एकूण क्षार, कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. शिवाय आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी आणखी जड. त्याने फरशी पुसली की पांढरे डाग पडतात.

माझं म्हणणं साधं आहे. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमची गच्ची ६०० चौरस मीटरची. म्हणजे चार लाख लिटरच्या वर सुफेन पाणी आम्ही दरवर्षी रस्त्यावर सोडतो, आणि जड पाण्याचे टँकर पैसे देऊन आणतो! थोडं वाया गेलं तरी उरलेलं गाळून टाकीत किंवा बोअरमध्ये सोडता येईल. बोअरचं पाणी एका पावसाळ्यात गोड होणार नाही, मान्य. पण सुरुवात तिथून हवी, सॉफ्टनर नंतर.

आणि घर बघायला जाल तेव्हा टाईल्स, पार्किंग विचारता, तसं पाणी कुठलं हेही विचारा. 'महापालिकेचं लवकरच येणार' या उत्तरावर आम्ही विसंबलो होतो. असो.

तुमच्याकडे कसं आहे पाणी? आणि हो, घरातल्या कुणाचं वरण बिघडायला लागलं असेल, तर त्यांच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा नळाकडे बघा.